हसण्याचं उद्यापन

उदयराव बिडकरांची एक जुनी तक्रार होती. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, एवढ्या काळात शैलजाताई त्यांच्या विनोदावर फक्त चार वेळा हसल्या. आणि त्यातल्या दोन वेळा उदयराव विनोद करत नव्हते.

म्हणून शैलजाताई आंबट चेहऱ्याच्या होत्या असं कुणी समजू नये. बाई मृदू बोलणाऱ्या, देवाधर्माच्या. पहाटेची पूजा, पोथीचा अध्याय, सोमवार, गुरुवार, दोन्ही एकादश्या, सगळं बिनबोभाट चालायचं. हसू आलं तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायच्या. पण समोरच्याला बरं वाटावं म्हणून दात दाखवणं त्यांना जमत नसे. हा काही त्यांनी घेतलेला नेम नव्हता. न घेताच पाळला जाणारा तेवढा एकच.

सांगलीत, विश्रामबागेतल्या तिसऱ्या मजल्यावरचा हा गुण जगाला कळला तो ‘लेकुरवाळे’मुळे.

‘लेकुरवाळे’ हे आईबापांचं ऑनलाइन मंडळ. पावणेचार लाख माणसं त्यात होती. सून गरोदर असताना शैलजाताईही आजी म्हणून आत आल्या होत्या. बाळाला ताप आला, बाळ जेवत नाही, बाळ फक्त कुकरची शिट्टी ऐकून झोपतं, काय वाटेल ते तिथे विचारावं. अडचण एकच होती, की लोक विचारत नसत. यायचे, दुसऱ्याचं वाचायचे आणि चपला हातात घेतल्यासारखे गुपचूप निघून जायचे. आपली चूक, आपला वैताग चारचौघांत कोण बोलून दाखवणार?

त्यावर मंडळ चालवणाऱ्या कंपनीने विनोदाचा उपाय काढला. माणूस मनापासून हसलं की पुढची काही मिनिटं त्याचा पहारा ढिला पडतो आणि ते स्वतःबद्दल एरवीपेक्षा मोकळं बोलतं, असं मानसशास्त्राचे लोक सांगत होते. तेव्हा रोज संध्याकाळी पाचला मंडळात एक चांगला विनोद टाकायचा. लोक हसतील आणि मग लिहितील. विनोद करायला यंत्र होतंच. ते मिनिटाला हजार करी. पण हजारांतला कुठला खरोखर हसवतो, हे कळायचं कसं? लोक तर प्रत्येकाखाली हसरे चेहरे डकवत. न वाचताही डकवत.

इथे कुडी आली. दिसायला साधी, मोत्याची, कानात घालायची. आत मात्र तांदळाच्या कणीएवढा संवेदक. खरं हसू आणि खोटं हसू मेंदूतल्या वेगवेगळ्या वाटांनी येतात. खोटं आपण ठरवून आणतो, ते ओठांपाशीच थांबतं. खरं हसू मेंदूच्या खोल, जुन्या भागातून उठतं. त्यात डोळ्यांभोवतीचा स्नायू आपोआप आवळला जातो, बरगड्यांमधले स्नायू सेकंदाला साधारण पाच झटके देतात, आणि त्या झटक्यांची थरथर कानाच्या नळीपर्यंत पोचते. कुडी ती थरथर मोजते. तिला फसवता येत नाही.

वीस हजार सभासदांनी कुड्या घातल्या आणि सहा महिन्यांनी एक गंमत बाहेर आली. बहुतेकांचं हसू शेजारी कोण बसलंय, जेवण झालंय का, सासू घरात आहे का, अशा हजार गोष्टींवर हेलकावे खात होतं. मोजक्या काहींचं मात्र फक्त विनोदावर. ही माणसं हसली की दुसऱ्या दिवशी सगळं मंडळ हसे. ही गप्प राहिली की विनोद पडे. कंपनीने त्यांना ‘कसोटी’ म्हणायला सुरुवात केली. यादीत सर्वांत वर नाव होतं शैलजा उदय बिडकर, वय एकसष्ट.

तेव्हापासून रोज दुपारी तीन ते चार शैलजाताई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी फोन घेऊन बसत. यंत्र तीस विनोद पाठवी. ज्याला कुडी थरथरली, तो पाचला बाहेर पडे. थरथर नाही, तर विनोद नाही. यंत्राचा दरवाजा दुसऱ्या कशाने उघडतच नसे.

‘नवरा म्हणाला, तू झोप, मी बाळाकडे बघतो. आणि खरंच, तासभर तो बाळाकडे बघत राहिला.’ याला कुडी थरथरली. दुसऱ्या दिवशी अकराशे बायकांनी आपापल्या नवऱ्यांबद्दल लिहिलं आणि ऐंशी नवऱ्यांनी उत्तरं दिली.

‘आमचं बाळ रात्री रडतं. सासूबाई म्हणतात, दात येतायत. चौदा महिने दात येतायत. दात दोन आहेत.’ याला तर शैलजाताईंना पदर डोळ्यांना लावावा लागला.

“काकू, तुमच्यामुळे मंडळ चालतंय,” कंपनीची किन्नरी फोनवर म्हणायची. तिशीच्या आतली, भरभर बोलणारी मुलगी. शैलजाताईंना हे काम देवाचंच वाटे. दमलेल्या आयांना घटकाभर हसू मिळतंय, आणखी काय पाहिजे?

मग त्यांच्याच घरात हसू थांबलं.

सून सावनी एरवी घर दणाणून सोडणारी. पुण्या-मुंबईच्या बांधकामांवरच्या क्रेन ती इथल्या खोलीत बसून चालवायची आणि विसाव्या मजल्यावर तुळई टेकवता टेकवता सासऱ्यांशी भांडायची. हसताना मधेच तिच्या नाकातून ‘घर्र’ असा आवाज निघे, मग त्या आवाजालाच ती पुन्हा हसे. मुलगी झाली आणि हे सगळं कुठेतरी आत गेलं. ती बाळाचं सगळं वेळेवर करी, जेवी, विचारलं की उत्तर देई. उत्तर एकच. “ठीक आहे, आई.”

मुलगा ईशान कच्छच्या सौरप्रकल्पावर, महिन्यातले दहा दिवस घरी. डॉक्टरबाई चांगल्या होत्या. त्यांनी औषध दिलं, आठवड्याला एकदा बोलायला बोलावलं, घरच्यांना समजावलं, की हा आजार आहे, हट्ट नव्हे, आणि वेळ लागेल. शैलजाताईंना ते पटलं. पण वेळ जाईपर्यंत हातावर हात ठेवून बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. गुरुवारी पूजा झाल्यावर त्या देवासमोर बसून राहिल्या आणि काय सोडावं याचा विचार करू लागल्या.

साखर ईशानच्या दहावीसाठी सोडून झाली होती. भात त्याच्या नोकरीसाठी. उदयरावांच्या गुडघ्यासाठी वर्षभर चहा सोडला होता. गुडघा बरा झाला, उदयरावांनी आनंदाने दोघांचा चहा प्यायला. देवाला हे सगळं पाठ झालेलं असणार. आता मनापासून आवडणारं उरलं काय? दुपारी तीन ते चार, एवढंच.

“जोवर सावनी पोट धरून हसत नाही,” त्या मनात म्हणाल्या, “तोवर मी हसणार नाही.”

नेम गुप्त ठेवायचा, ही त्यांची रीत. अक्षता वाहिल्या, नमस्कार केला, आणि उठता उठता त्यांच्या ध्यानात आलं, की तीन वाजायला चार तास आहेत.

पहिल्या दिवशी तीस विनोद आले आणि कुडी ढिम्म. शैलजाताईंनी मनात रामरक्षा लावून धरली होती. सव्वाचारला किन्नरीचा फोन.

“काकू, कुडी कानात आहे ना?”

“आहे गं.”

“मग विनोद आवडले नाहीत?”

खोटं बोलता येत नव्हतं आणि नेम सांगता येत नव्हता. “चांगले होते,” त्या म्हणाल्या.

“चांगले होते आणि हसला नाहीत?”

“नाही हसले.”

“का?”

“नाहीच हसले बाई.”

किन्नरीने आदल्या आठवड्यातला उरलेला एक विनोद लावून वेळ निभावली. चौथ्या दिवशी उरलेलेही संपले. दुसऱ्या क्रमांकाची कसोटी म्हणजे अकोल्याचे एक निवृत्त काका होते; पण ते फक्त कुणी पडलं तरच हसतात, असं निघालं. दोन संध्याकाळी मंडळात पाळण्यातून, खुर्चीतून, आजोबांच्या मांडीवरून पडणारी बाळंच बाळं झाली, आया संतापल्या, आणि काकांना सन्मानाने विश्रांती देण्यात आली.

“मग मीही विश्रांती घेते,” शैलजाताईंनी सुचवून पाहिलं.

“असं नका ना करू, काकू! यंत्र आता सगळं सोडून फक्त तुमचाच अभ्यास करतंय.”

यंत्राने खरंच कंबर कसली. त्याने शैलजाताईंच्या एकादश्या हेरल्या आणि उपासाचे विनोद पाठवले. ‘बाळाने नैवेद्याची वाटी पालथी घातली. आजी म्हणाली, पोचलं देवाला.’ शैलजाताईंनी रामरक्षेचा वेग वाढवला. ‘आजीने बाळाला सांगितलं, देवबाप्पाला दाखव. बाळाने देवबाप्पाला डायपर दाखवलं.’ त्या उठून गॅलरीत गेल्या आणि तुळशीला दिवसातलं तिसरं पाणी घातलं.

अशाच एका दुपारी दूध उतू जाण्याबद्दल एक अगदी फुसका विनोद आला. त्यात ‘पातेलं’ हा शब्द होता. शैलजाताईंची नजर त्या शब्दावर, आणि त्याच क्षणी ओट्यापाशी उदयरावांच्या हातून खरोखरचं पातेलं निसटलं. पातेलं जागेवर बसलं, पण झाकण उभं राहिलं, चाकासारखं घरंगळत निघालं, बैठकीच्या खोलीतून एक चक्कर मारून परत आलं आणि उदयरावांच्याच पायाशी आडवं झालं. उदयरावांनी खाली बघून त्याला म्हटलं, “या.”

शैलजाताईंनी श्वास कोंडला, नखं तळहातात रुतवली. हसल्या नाहीत. पण बरगडीत एक, फक्त एक झटका बसला, आणि कुडीने तो टिपला.

यंत्राला झाकण दिसलं नव्हतं. त्याला फक्त एवढं कळलं, की एवढ्या दिवसांनंतर ही बाई हलली ती ‘पातेलं’ या शब्दावर. ती दुसऱ्या कशाला हलेपर्यंत आपल्या विनोदांना त्याने तेवढीच मंजुरी धरली.

त्या संध्याकाळी पाच वाजता पावणेचार लाख आईबापांच्या फोनवर एकाच शब्दाचा विनोद आला. ‘पातेलं.’

दुसऱ्या दिवशी, ‘पातेलं. झाकण नाही.’ तिसऱ्या दिवशी, ‘बाळ. पातेलं. पुन्हा पातेलं.’

मंडळात खळबळ उडाली. “याचा अर्थ काय?” “चालक बरे आहेत ना?” “मला कळला, पण सांगणार नाही,” असं एका बाबाने लिहिलं आणि त्याला चारशे जणांनी गाठलं. कुणी म्हणे ही आईच्या रिकामेपणाबद्दलची कविता आहे. एका आईने नवऱ्याला विचारलं, तो म्हणाला आपल्याकडे पातेली पुरेशी आहेत. लोक खूप लिहीत होते, पण पातेल्याबद्दल. स्वतःबद्दल कुणी चकार शब्द काढेना.

हे सगळं शैलजाताई पाहत होत्या. नवव्या दिवशी त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. पाच वाजता दुधाची बाटली घेऊन त्या सावनीच्या खोलीत गेल्या, तर सावनी बाळाला मांडीवर घेऊन फोनकडे बघत होती. पडद्यावर ‘लेकुरवाळे’ होतं.

“तू वाचतेस हे?”

“रोज पाच वाजता,” सावनी म्हणाली. “लिहीत नाही कधी. नुसतं वाचते. आधी जरा... म्हणजे, हसू यायचं नाही, पण कुणाच्या तरी घरात कुणीतरी हसतंय असं वाटायचं.” तिने फोन उलटा ठेवला. “आता काय ते पातेलं चाललंय.”

शैलजाताईंनी बाटली तिच्या हातात दिली. जिच्यासाठी त्यांनी हसू सोडलं होतं, तिची दिवसातली एकुलती एक खिडकी त्यांनीच बंद केली होती.

त्या रात्री त्यांना पोथीतलं एक अक्षर लागलं नाही. नेम मोडावा, तर सावनीसाठी देवाला दिलेला शब्द मोडतो. न मोडावा, तर सावनीचीच वाट अडते. शेवटी त्यांनी ठरवलं, की शब्द दिलाय तो पाळायचा, पण तीनची बैठक चुकवायची नाही. देव काही वाट काढणारच असेल तर तो सापडेल अशा ठिकाणी आपण बसलेलं बरं.

एकोणिसावा दिवस उजाडला. यंत्र आता पाठ न सोडणाऱ्या माणसासारखं झालं होतं. तीनला शैलजाताई टेबलाशी बसल्या. पहिला विनोद, ‘पातेलं.’ दुसरा, ‘मोठं पातेलं.’ तिसरा, ‘पातेल्यात पातेलं.’ चौथ्याला यंत्राने हद्द केली. ‘पातेलं आलं. या.’

या? शैलजाताईंच्या पोटातून काहीतरी उसळलं. कुडीने त्या दिवशी उदयरावांचा आवाज ऐकला होता की हा योगायोग होता, देव जाणे. पण त्यांच्या डोळ्यांसमोर ते झाकण उभं राहून चालायला लागलं. त्या झटक्यात उठल्या, फ्रिजकडे तोंड केलं, दोन्ही हातांनी त्याला कवटाळलं आणि पदराचा बोळा तोंडात कोंबला. गाल फुगले, मान लाल झाली, डोळ्यांतून धारा लागल्या. पदराआडून “रामो राजमणिः” असं काहीतरी घुसमटत होतं.

नेमकी तेव्हाच सावनी बाळाला खांद्यावर घेऊन पाणी प्यायला आली.

“आई! आई, काय होतंय? छातीत दुखतंय का?”

शैलजाताईंनी जोरजोरात मान हलवली. तोंड उघडलं असतं तर सगळंच सुटलं असतं.

“डावा हात दुखतोय? बाबा! बाबा, लवकर या! आईंना काहीतरी होतंय!”

उदयराव धावत आले. ते मागच्या गॅलरीत भांडी निथळत ठेवत होते, त्यामुळे जे हातात होतं ते घेऊनच आले. दारात उभे राहून घाबऱ्याघुबऱ्या विचारते झाले, “काय झालं?” हातात पातेलं होतं.

शैलजाताईंनी ते पाहिलं मात्र. फ्रिजला पाठ टेकवून त्या हळूहळू घसरत फरशीवर बसल्या. एका हाताने पातेल्याकडे बोट दाखवत होत्या, दुसऱ्या हाताने ते घेऊन जा, घेऊन जा, अशी खूण करत होत्या.

“पाणी पाहिजे?” उदयरावांनी पातेलं आणखी पुढे केलं. “यात आणू?”

सावनीची नजर टेबलावरच्या फोनवर गेली. ‘पातेलं आलं. या.’ खाली लिहिलं होतं, ‘कसोटी क्रमांक एक. प्रतिसादाची प्रतीक्षा.’

तिने फोनकडे पाहिलं. सासूबाईंकडे पाहिलं. सासऱ्यांच्या हाताकडे पाहिलं.

“म्हणजे,” ती सावकाश म्हणाली, “बारा दिवस पावणेचार लाख लोक जे पातेलं वाचतायत... ते हे पातेलं आहे?”

पदराच्या बोळ्यासकट शैलजाताईंनी होकारार्थी मान हलवली.

“आपल्या घरातलं?”

“दोन लिटरचं आहे,” उदयराव म्हणाले. माहिती म्हणून.

आधी सावनीच्या ओठाचा एक कोपरा हलला. मग खांदे. मग तिच्या नाकातून ‘घर्र’ असा आवाज आला आणि ती बाळाला छातीशी धरून तिथेच, सासूबाईंच्या शेजारी, फरशीवर बसली. ती हसत सुटली. पोटाला हात लावून, भिंतीला डोकं टेकून, श्वास घ्यायला थांबून पुन्हा हसत सुटली. बाळ आईकडे डोळे मोठे करून बघत राहिलं. ही बाई त्याने यापूर्वी पाहिलेली नव्हती.

हसता हसता ती कधी रडू लागली ते तिलाही कळलं नाही.

“आई, मला वाटलं होतं, मला आता हे येतच नाही,” ती म्हणाली. “हिच्याकडे बघते तेव्हा काही वाटत नाही कधी कधी. सगळं ठीक आहे म्हणते ते खोटं असतं. डॉक्टरांनाही अर्धंच सांगते.”

शैलजाताईंनी तोंडातून पदर काढला आणि सुनेला जवळ घेतलं. उदयराव पातेलं घेऊन हळूच मागे सरकले.

बऱ्याच वेळाने सावनीने डोळे पुसले. “पण तुम्ही अशा फ्रिजला मिठी मारून का उभ्या होतात?”

आता सांगायला हरकत नव्हती. शैलजाताईंनी नेम सांगितला. सावनी ऐकत राहिली, आणि शेवटी म्हणाली, “एकोणीस दिवस? माझ्यासाठी? मग आता झालं की! हसा ना!”

“अजून नाही हसता येत.”

“का?”

“उद्यापन राहिलंय.”

याला सावनी पुन्हा हसली. शैलजाताई मात्र गंभीर होत्या. जी वस्तू सोडली, ती आधी कुणाला तरी दान द्यायची, मगच आपण परत घ्यायची. साखर सोडली तेव्हा साखर दिली, भात सोडला तेव्हा तांदूळ दिले. हसू कसं द्यायचं?

“ते माझ्यावर सोडा,” सावनी म्हणाली आणि फोन घेऊन तिथेच फरशीवर लिहायला बसली. मंडळात ती पहिल्यांदाच लिहीत होती. स्वतःच्या नावाने. चौदा आठवडे आपल्याला हसू आलं नाही, बाळाचं करताना आत सगळं सुन्न असायचं, हे लिहिलं. औषध चालू आहे हे लिहिलं. आणि मग नेम, रामरक्षा, फ्रिज, झाकण, ‘या’, सगळं. “हे सगळ्यांना देऊ या,” ती म्हणाली. “हेच तुमचं दान.”

शैलजाताईंना ते मनापासून पटलं. पण मजकूर पाठवताच यंत्राने तो हसवणारा आहे असं ओळखून पाचच्या रांगेत लावला आणि नियमाप्रमाणे आधी कसोटीकडे पाठवला. शैलजाताईंच्या फोनवर तो उमटला. ‘प्रतिसादाची प्रतीक्षा.’

“आता हो?” सावनी म्हणाली. “तुम्ही हसल्याशिवाय हे जाणार नाही.”

“आणि हे दिल्याशिवाय मी हसणार नाही.”

चारला वीस मिनिटं होती. शैलजाताईंनी वझे गुरुजींना फोन लावला.

“गुरुजी, एक विचारायचं होतं. समजा, एका बाईने एक वस्तू सोडली होती.”

“कोणती?”

खरं सांगायला त्यांना संकोच वाटला. “समजा, वांगं.”

“बरं.”

“कार्य झालं. आता उद्यापन करायचंय.”

“मग पाच वांगी द्या, वर दक्षिणा ठेवा आणि मोकळ्या व्हा.”

“तीच तर अडचण आहे. तिने स्वतः चव घेतल्याशिवाय ते वांगं घराबाहेर पडत नाही.”

“कोण अडवतंय?”

“यंत्र.”

“बरं. आणि द्यायचंय कुणाला?”

“पावणेचार लाख लोकांना.”

“वहिनी,” गुरुजींनी जपून विचारलं, “वांगं एकच आहे ना?”

“एकच.”

“आत्ता कुठे आहे?”

“फोनमध्ये.”

सावनीने बाळाचं दुपटं तोंडात कोंबलं. पण वझे गुरुजी मुरलेले होते. गेल्याच महिन्यात त्यांनी एका मुलाच्या हरवलेल्या डिजिटल कुत्र्यासाठी शांत केली होती. त्यांनी घसा साफ केला.

“असं बघा वहिनी. दान कधी होतं? घेणाऱ्याच्या घरी पोचल्यावर नव्हे. देणाऱ्याने हातावरून उदक सोडलं आणि ‘न मम’ म्हटलं, की त्याच क्षणी दान झालं. पूर्वी गाय दान द्यायचे, ती चालत परगावी जायला दोन दिवस लागायचे. म्हणून काय दान दोन दिवस लोंबकळत राहायचं? उदक सोडा. वांगं तुमचं राहिलं नाही. मग चव घ्या, यंत्राला काय करायचं ते करू दे.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “तुमची तब्येत बरी आहे ना?”

“उत्तम आहे,” शैलजाताई म्हणाल्या.

सावनीने पाट मांडला. पाटावर फोन ठेवला, त्यावर तुळशीचं पान. उदयराव ताम्हन आणि पळी घेऊन आले. येताना हात नीट तपासून आले. शैलजाताईंनी डोळे मिटले, उजव्या तळहातावर पळीभर पाणी घेतलं आणि बोटांवरून ताम्हनात सोडलं.

“न मम,” त्या म्हणाल्या. माझं नव्हे.

मग चष्मा लावला, फोन उचलला आणि सुनेने लिहिलेलं वाचू लागल्या. झाकणापर्यंत कशाबशा पोचल्या. ‘सासऱ्यांनी झाकणाला सांगितलं, या,’ इथे त्यांचा बांध फुटला. एकोणीस दिवसांचं साठलेलं होतं. त्या अशा हसल्या की खालच्या मजल्यावरून कुणीतरी “काय झालं?” म्हणून विचारलं. बाळ दचकून रडू लागलं, त्याला घ्यायला उदयराव पुढे झाले आणि पाटाला अडखळले, त्याने त्या आणखी हसल्या.

“ही पाचवी,” उदयराव समाधानाने म्हणाले.

पाच वाजता मजकूर मंडळात गेला. पहिली वीस मिनिटं काहीच आलं नाही. किन्नरीचा घाबरा फोन आला, “काकू, सगळ्या कुड्या एकदम थरथरल्या, आणि नंतर मंडळ गप्प! यंत्र म्हणतंय काहीतरी बिघडलं.”

“बिघडलं नाही,” शैलजाताई म्हणाल्या. “लिहीत असतील. लांब लिहायला वेळ लागतो.”

तसंच होतं. साडेपाचला पहिलं आलं, ‘मलाही. पाच महिने. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.’ मग दुसरं, तिसरं, मग मोजता येईनात. बाप लिहीत होते, आज्या लिहीत होत्या. कुणी आपल्या घरातलं पातेलं सांगितलं, कुणी डॉक्टरांचं नाव विचारलं. सावनी एकेकाला उत्तर देत बसली. बाळ आजीच्या मांडीवर झोपून गेलं.

“आई, हे ऐका,” सावनी मधेच म्हणाली. “जालन्याची प्रणिता म्हणून आहे. लिहिते, बाळ सात महिन्यांचं आहे. मी हसले, पण लगेच थांबले. माझ्या घरी माझ्यासाठी नेम करणारं कुणी नाही.”

शैलजाताई बाळाच्या कपाळावरून हात फिरवत राहिल्या. “मग मी करते,” त्या म्हणाल्या.

“परत हसणं सोडायचं नाही हं! पावणेचार लाख लोकांनी आता काय वाचायचं? कढई?”

“बोलणं सोडून बघ एकदा,” उदयराव म्हणाले. “माझ्याही कानांना गुण येईल.”

“बाबा!”

शैलजाताई विचार करत होत्या. सोडण्यासारखं काही सापडत नव्हतं. आणि जालन्यातल्या त्या मुलीला आपण इथे सांगलीत काही सोडल्याचं कळणार तरी कसं? हा नेम सोडायचा नव्हता. धरायचा होता.

“तिला विचार,” त्या म्हणाल्या, “मी रोज फोन केलेला चालेल का? रोज म्हणजे रोज. चुकणार नाही म्हणावं.”

सावनीने लिहिलं. थोड्या वेळाने फक्त नंबर आला.

शैलजाताईंनी झोपलेलं बाळ अलगद सुनेच्या मांडीवर दिलं आणि फोन लावला. पलीकडून कुणीतरी उचलला. बोललं कुणी नाही. लांबून एक बाळ रडत होतं आणि जवळ कुणीतरी श्वास घेत होतं.

“प्रणिता, मी सांगलीची शैलजाकाकू,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “तू नाही बोललीस तरी चालेल. आधी बाळाला घे जा. मी फोन धरून बसलेय.”